सापडल्याचे ठिकाण

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात मासिकांच्या कपाटामागे नऊ दगड आणि एक पत्र्याचा डबा ठेवलेला आहे. नऊ दगडांपैकी दोन वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, आहेत, एक सतीशिळा आहे, एक गणपती आहे, एका मूर्तीचे निव्वळ मस्तक आहे आणि उरलेले चार कोण्या पडलेल्या देवळाच्या कोरीव भागाचे तुकडे आहेत. डब्यात खापरे आहेत. डब्याची हकिगत पुढे येईलच.

वाचनालयावर दुसरा मजला चढवायचे ठरले तेव्हा या दगडांचे काय करायचे, असा प्रश्न समितीच्या बैठकीत निघाला. निम्म्या सभासदांचे म्हणणे असे की, राज्य शासनाचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे, त्याचे नाशिकला सरकारवाड्यात संग्रहालय आहे, तेथे नेऊन द्यावे आणि मोकळे व्हावे. उरलेल्या निम्म्यांचे म्हणणे असे की, एकदा नाशिकला गेलेला दगड गावाला पुन्हा दिसायचा नाही. त्यापेक्षा नव्या मजल्यावर एक खोली त्यालाच द्यावी. दोन्ही बाजूंना शेजारपाजारच्या संग्रहांची फारशी माहिती नव्हती, आणि मलाही होती असे नाही. शेवटी वाचनालयाचा चिटणीस, जो एकेकाळी माझ्या इतिहासाच्या तासाला शेवटच्या बाकावर बसत असे, आणि मी, अशा दोघांनी खानदेशात पाच दिवस फिरून कोण काय आणि कसे सांभाळते ते पाहून यावे असे ठरले. प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा होता, हे ओघाने आलेच.

दिवस पहिला : पारोळा, चाळीसगाव

सकाळच्या एसटीने पारोळ्याला उतरलो. गावाच्या मध्यावर असलेला भुईकोट किल्ला जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ साली बांधल्याचे गॅझेटियर सांगते. तटाला वळसा घालून दारापाशी आलो तेव्हा चिटणीसाने तेथला संरक्षित स्मारकाचा फलक मोठ्याने वाचला आणि विचारले, ‘‘सर, म्हणजे हा त्या मुंबईच्या संचालनालयाचा ना?’’

तो त्यांचा नव्हे. आपल्याकडे सगळ्यांनाच सरसकट ‘पुरातत्त्ववाले’ म्हणण्याची पद्धत असल्यामुळे हा घोटाळा नेहमी होतो. पारोळ्याचा किल्ला, मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेवाचे देऊळ, साक्री तालुक्यातली बळसाण्याची देवळे ही केंद्राच्या म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातली स्मारके आहेत. त्या खात्याची स्थापना १८६१ सालची आहे. राज्याचे संचालनालय महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरचे. त्याचे मुख्यालय मुंबईत सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उरलेल्या भागात आहे आणि १९६० च्या राज्य कायद्याखाली जी स्मारके संरक्षित झाली ती त्याच्याकडे आहेत. याखेरीज एक काम ते करते, जे लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही : राज्यभर विखुरलेली प्रादेशिक संग्रहालये ते चालवते.

ही संग्रहालये एका साच्यातून निघालेली नाहीत, हे बसमध्ये मी चिटणीसाला सांगत होतो. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ चे, म्हणजे राज्याच्याच नव्हे तर संचालनालयाच्याही कितीतरी आधीचे. नागपूरकर त्याला आजही ‘अजब बंगला’ म्हणतात. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील संग्रहालय ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननात जे निघाले त्यासाठी उभे राहिले. औंधचे संग्रहालय संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी स्वतः उभारले. पैठणला बाळासाहेब पाटील आणि तेरला रामलिंगप्पा लामतुरे या दोघांनी पदरमोड करून, शेताबांधावरून आणि पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, एकेक वस्तू गोळा केली. पुढे ते संग्रह शासनाकडे आले आणि त्या त्या गावातच त्यांच्या नावाची शासकीय संग्रहालये झाली. म्हणजे सरकारी म्हणून जी पाटी आपण वाचतो तिच्यामागे पुष्कळदा एखाद्या गृहस्थाचा छंद, आणि त्या छंदाला कंटाळलेले त्याचे घर उभे असते.

‘‘गावातच?’’ चिटणीसाने विचारले. बैठकीतला निम्मा वाद या एका शब्दावर होता, हे आम्हा दोघांनाही तेव्हाच जाणवले. पण पुढचे चार दिवस आम्ही तो शब्द पुन्हा उच्चारला नाही.

चाळीसगावला दुपारी पोहोचलो. रेल्वे स्थानकाजवळच कलामहर्षी केकी मूस यांचा दगडी बंगला आहे. १९१२ ते १९८९ हे त्यांचे आयुष्य. या पारशी छायाचित्रकाराने तारुण्यात इंग्लंडात छायाचित्रणाचे शिक्षण घेतले आणि परत येऊन चाळीसगावच्या या घरात जो मुक्काम ठोकला तो बहुतेक उंबरठा न ओलांडताच. त्यांच्या एकांतवासामागची प्रेमकथा येथे रिक्षावालाही सांगतो; ती ऐकायची असेल तर त्याच्याकडूनच ऐकावी. आम्हाला रस होता तो त्यांच्या ‘टेबलटॉप’ छायाचित्रांत : टेबलावर थोडी वाळू, काडी, कापूस, आरसा असे काहीबाही मांडून त्यांनी असा देखावा उभा केला आहे की, पाहणाऱ्याला तो कोसभर लांबीचा वाटावा. बंगल्यात छायाचित्रांबरोबर चित्रे, शिल्पे, जुने लाकूडसामान आणि कागदाच्या घड्यांच्या आकृतीही आहेत, आणि त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने हा ठेवा जपला आहे. ज्या खोलीत वस्तू घडली त्याच खोलीत ती पाहायला मिळणे, हे भाग्य फार थोड्या संग्रहांच्या वाट्याला येते. चिटणीसाने वहीत लिहिले : ‘पाटीची गरज कमी. घर हीच पाटी.’ शेवटच्या बाकावरून आलेले वाक्य म्हणून ते मला बरे वाटले.

रात्री शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. तिखटाबद्दल तक्रार करणारा माणूस खानदेशात पाहुणा ठरतो, म्हणून गप्प राहिलो.

दिवस दुसरा : पाटणादेवी, पितळखोरा

भाड्याच्या जीपने सकाळीच निघालो. कापसाची वेचणी चालू होती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेला ओटी बांधलेल्या बाया ओळीने पुढे सरकत होत्या. सातमाळ्याची रांग जवळ येऊ लागली की शेत संपून गौताळा अभयारण्याचे रान सुरू होते, आणि त्या रानाच्या तोंडाशी पाटणादेवी म्हणजे चंडिकादेवीचे देऊळ आहे. मागे कड्यांचा अर्धगोल आणि पुढे ओढा. देवीने जागा निवडताना घाई केलेली नाही.

मी येथे आलो होतो तो शिलालेखासाठी. शके ११२८ चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या अगदी आरंभीचा हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि घराण्यातील इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्या मठाला उत्पन्न लावून दिले, असा त्याचा आशय आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, परंतु उत्पन्नाचा तपशील सांगायची वेळ येते तेव्हा लेख मराठीत शिरतो. पाटणच्या बाजारात जो माल उघडला जाईल त्यावरचा कर मठाला; जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी पळी तेल मठाला. वंशावळ आणि स्तुती संस्कृतात चालते. तेल्याला मात्र त्याच्या पळीचा हिशेब त्याच्या भाषेत कळला पाहिजे, ही लेख कोरवणाऱ्याची समज मला फार मोलाची वाटते.

आता हाच दगड उचलून एखाद्या मोठ्या शहरातल्या दालनात नेला असता तर काय झाले असते? अक्षरे तीच राहिली असती, कदाचित अधिक नीट राहिली असती. पण लेखातला ‘या पाटणात’ हा उल्लेख निराधार झाला असता. येथे उभे राहून तो वाचताना मठ कोठे असेल, बाजार कोठे भरत असेल, याचा शोध डोळे आपोआप घेऊ लागतात. देवळाबाहेर नारळ विकणाऱ्या एका आजीने आम्हाला बराच वेळ तसेच घुटमळताना पाहून विचारले, ‘‘काय देखाले उनात भाऊ?’’ मी म्हणालो, ‘‘आजी, जुना बाजार पाहतोय.’’ तिने आपल्या टोपलीकडे बोट दाखवले.

याच परिसरात पाटणे येथे पुरातत्त्व सर्वेक्षणाचे स. अ. साळी यांनी १९७० नंतरच्या दशकात उत्खनन केले आणि अश्मयुगीन माणसाने आडव्यातिडव्या रेघा कोरलेला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा त्यांना मिळाला. तो सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा मानतात. गिरणेच्या खोऱ्यात शहामृगे फिरत होती, ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगत असे आणि दरवर्षी वर्ग हसत असे. तो तुकडा बोटाच्या पेराएवढा असेल नसेल. पण तो कोणत्या थरातून आला याची नोंद होती म्हणूनच त्याला एवढे वय सांगता आले. नोंद नसती तर ते अंड्याचे टरफल होते.

दुपारी घाट चढून पितळखोऱ्याला गेलो. लेणी जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे, कन्नड तालुक्यात पडतात, पण त्यांचे तोंड आणि पाणी दोन्ही खानदेशाकडे वाहते, म्हणून आम्ही हद्द फार मनावर घेतली नाही. पायऱ्या उतरून घळीत गेले की उजवीकडे हत्तींची ती प्रसिद्ध ओळ दिसते. इसवी सनापूर्वीच्या शतकांतले हे काम. खडक ठिसूळ असल्यामुळे पुष्कळ ढासळलेले आहे, आणि जे ढासळले त्याच्या ढिगाखाली जे गाडले गेले तेच नेमके टिकले. १९५० नंतरच्या दशकात पुरातत्त्व सर्वेक्षणाने येथील मलबा उपसला तेव्हा निघालेल्या शिल्पांत एक बुटका, पोट सुटलेला, डोक्यावर पात्र धरलेला यक्ष होता. त्याच्या चेहऱ्यावर खट्याळ हसू आहे आणि अंगावर लेख आहे : ‘कण्हदासेन हिरंनकारेन कता’, कण्हदास सोनाराने केला. प्राचीन भारतीय शिल्पांवर शिल्पकाराचे नाव सापडणे हीच दुर्मीळ गोष्ट, आणि येथे तर सोनाराने दगडाला हात घातलेला.

तो यक्ष आता नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जेथे वर्षानुवर्षे दरड कोसळते तेथे तो ठेवता आला नसता, हे मला मान्य आहे. तेथे रोज देशोदेशीचे लोक त्याला पाहतात, हेही चांगलेच. तरी पायऱ्या चढून परत येताना चिटणीस म्हणाला, ‘‘सर, निदान त्याचा एक मोठा फोटो तरी इथं पाहिजे होता. घर सोडून गेलेल्या पोराचा फोटो भिंतीवर लावतात तसा.’’ मला यावर बोलायचे काही सुचले नाही.

दिवस तिसरा : धुळे

चाळीसगावहून सकाळच्या गाडीने धुळे. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे ठाणे केले आणि सरळ रेघेत गल्ल्या आखल्या. त्या अजून नंबरानेच ओळखल्या जातात. पत्ता विचारला की माणूस आकडा सांगतो, हे बाहेरगावच्या माणसाला कोरडे वाटते. नोंदवही शोधायला निघालेल्या दोघांना मात्र ते शुभशकुनासारखे वाटले.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले आणि पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे स्थापन झाले. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली ज्यांनी स्थापले त्यांनी शेवटी पुण्याशी फारकत घेऊन आपले कागद खानदेशात आणले, यात राजवाड्यांचा स्वभाव जसा दिसतो तसा धुळेकरांचाही पाहुणचार दिसतो. मंडळाच्या वास्तूत हस्तलिखिते, मोडी कागद, नाणी, ताम्रपट आणि खानदेशातून मिळालेली शिल्पे आहेत. आम्ही जवळजवळ सगळा दिवस तेथे काढला.

जुन्या दफ्तराचा ज्यांना परिचय नाही त्यांच्यासाठी सांगतो : कागदांचे गठ्ठे ज्या कापडात बांधतात त्याला ‘रुमाल’ म्हणतात, आणि पुढे तो गठ्ठाच रुमाल या नावाने ओळखला जातो. कापड बहुधा जाडसर आणि चौकोनी. चार टोके मध्यावर आणून गाठ मारलेली. गाठ सोडली की प्रथम वास येतो, मग धूळ, मग उभ्या घड्या पडलेले लांबट कागद. घडीच्या रेषेवर कागद नेहमी आधी फाटतो, आणि मोडीची ओळ नेमकी तेथूनच गेलेली असते. वाचनकक्षात शेजारी बसलेले एक वृद्ध अभ्यासक भिंग लावून काही उतरून घेत होते. त्यांना आम्ही आमच्या नऊ दगडांची कथा सांगितली. त्यांनी भिंग खाली न ठेवताच विचारले, ‘‘कोठे सापडले ते लिहून ठेवले आहे का?’’

‘‘गावातच सापडले,’’ चिटणीस म्हणाला.

‘‘गाव म्हणजे काय? नदीत, शेतात, देवळापाशी? कोणाच्या गटात? कोणत्या साली? कोणी आणले?’’ मग ते म्हणाले की, राजवाडे कागद छापताना प्रत्येकाला लेखांक देत आणि तो कोणाच्या दफ्तरातला हे सांगत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या त्यांच्या बावीस खंडांवर आज शंभर वर्षांनंतरही भांडता येते ते त्यामुळे. ‘‘नाहीतर वाण्याच्या दुकानातली पुडी आणि ऐतिहासिक कागद यांत फरक कोणता? दोन्ही जुनेच कागद.’’

हे ऐकल्यावर मी दुपारभर संग्रहातल्या वस्तूंपेक्षा वस्तूंच्या पाट्याच अधिक वाचल्या. पाहणाऱ्याला संग्रहालय म्हणजे कपाटे आणि मूर्ती. चालवणाऱ्याला संग्रहालय म्हणजे एक जाड नोंदवही. वस्तू दारातून आत आली की तिला क्रमांक मिळतो. तो वस्तूच्या दिसणार नाही अशा बाजूला, आधी पारदर्शक लेप देऊन त्यावर शाईने लिहितात, म्हणजे पुढे पुसायचा झाल्यास मूळ पृष्ठभागाला इजा होत नाही. त्याच क्रमांकापुढे नोंदवहीत वर्णन, माप, साहित्य, अवस्था, कोणाकडून आली आणि कोठे सापडली. खापर असेल तर त्याच्या आतल्या बाजूला गावाचे आद्याक्षर, खड्ड्याचा क्रमांक आणि थर. संचालनालयाच्या प्रादेशिक संग्रहालयात असो की आमच्यासारख्या गावच्या खोलीत, ही वही असेल तर संग्रह आहे; ती नसेल तर साठा आहे.

संध्याकाळी श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात गेलो. धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव, लोकांचे नानासाहेब, यांनी मठामठांतून फिरून रामदासी संप्रदायाची बाडे मिळवली. त्यांनी दासबोध छापला तो डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून, आणि तसे सांगून. समर्थांच्या हस्ताक्षरातील मानले जाणारे वाल्मीकी रामायणही येथेच जपलेले आहे. एकाच गावात, एकाच काळात, एक इतिहासाचा तऱ्हेवाईक तपस्वी आणि एक भक्तिमार्गी वकील, दोघे दोन दिशांनी कागदच जमवत होते. तेरचे लामतुरे आणि पैठणचे पाटील मला तेथे पुन्हा आठवले. फरक एवढाच की त्यांचे संग्रह शासनाने पुढे चालवले आणि धुळ्याचे संग्रह धुळेकरांनी.

परतताना चिटणीसाने कायद्याचे विचारले, कारण समितीत एकाने ‘जुने दगड ठेवणे गुन्हा आहे’ अशी हूल उठवून दिली होती. तसे नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू, आणि हस्तलिखितासाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची. दगडी मूर्तीसारख्या ठरावीक प्रकारच्या वस्तू ज्याच्याजवळ आहेत त्याने छायाचित्रांसह त्यांची नोंदणी करून प्रमाणपत्र घ्यायचे असते. ठेवण्याला बंदी नाही, परदेशी नेण्याला आहे. जमिनीत धन सापडले तर मात्र गोष्ट वेगळी : त्याला १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे आणि मूळ कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. दहा रुपये ऐकून चिटणीस हसला. तेव्हाचे दहा रुपये, असे मी सांगितले.

दिवस चौथा : प्रकाशे

धुळ्याहून दोंडाईचामार्गे सारंगखेड्याचा पूल ओलांडला आणि तापीचे पात्र पाहून बसमधले दोनचार हात आपोआप जोडले गेले. प्रकाशे हे तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे क्षेत्र. दक्षिणकाशी म्हणून त्याची ख्याती आहे. यात्रेकरू केदारेश्वराकडे जातात. आम्ही दर्शन घेऊन टेकाडाकडे वळलो.

१९५५ साली पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बा. कृ. थापर यांनी येथे खणले. सर्वांत खालच्या थरांत तांबे आणि दगड बरोबरीने वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती, तिच्यावर लोखंड वापरणारे लोक, त्यांच्यावर पुढची ऐतिहासिक वस्ती, आणि सगळ्यांत वर पूर्वमध्ययुग. म्हणजे साडेतीन हजार वर्षांच्या आसपासची गोष्ट या एका उंचवट्यात उभी रचलेली. तापीच्याच खोऱ्यातले सावळदे हे गाव याहून जुन्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला आपले नाव देऊन बसले आहे. बाण आणि मासे रंगवलेली ‘सावळदा’ घाटाची भांडी विद्यापीठांच्या ग्रंथांत भेटतात. गावाच्या नावाने एक संस्कृती ओळखली जावी, हा मान किती गावांना मिळतो?

पावसाने ओघळ पडलेल्या एका उतारावर चिटणीस वाकला आणि त्याने लाल खापराचा एक तुकडा उचलला. काठाचा भाग होता. त्यावर काळ्या रंगाची पुसट रेघ होती. त्याने तो रुमालात, म्हणजे खिशातल्या साध्या रुमालात, गुंडाळायला घेतला. मी त्याला तो जेथला तेथे ठेवायला सांगितला. माझा आवाज थोडा चढला असावा, कारण तो चमकला.

मग उतारावर बसून मी त्याला डब्याची हकिगत सांगितली. १९८६ साली मी नव्याने शिक्षक झालो होतो. दोन वर्गांना घेऊन आमच्या गावाजवळ बोरी नदीच्या काठी सहल काढली. पुरात कापलेल्या काठावर खापरांचे थर मला दिसले आणि माझा उत्साह अनावर झाला. साठ मुलांना साठ जागी पिटाळले. वरच्या थरातले, खालचे, पाण्यात पडलेले, जे मिळेल ते आणा म्हणालो. शाळेत आल्यावर सगळी खापरे एका बादलीत टाकून आम्ही ती ब्रशने स्वच्छ धुतली आणि मी मुलांना पाठ थोपटून शाबासकी दिली. पुढच्या पावसाळ्यात तो काठ नदीने नेला. आठपंधरा वर्षांनी या विषयावरचे चार ग्रंथ वाचले तेव्हा मला कळले की, मी त्या दिवशी एका वस्तीचा कालक्रम बादलीत ढवळला होता. तो काठ आता नाही, आणि डब्यातल्या कोणत्याही खापरावरून आता काहीही सिद्ध करता येत नाही.

‘‘त्या बादलीत मीपण होतो सर,’’ चिटणीस म्हणाला. ‘‘म्हणजे, धुवायला.’’

त्याने खापर परत ओघळीत ठेवले, थोडे इकडेतिकडे फिरवले आणि मूळ जागा हीच की नाही याची खात्री होईना म्हणून माझ्याकडे पाहिले.

दिवस पाचवा : जळगाव आणि परत

दोंडाईचाहून भुसावळकडे जाणारी गाडी धरून अमळनेर न उतरता जळगाव गाठले. जैन हिल्सवरचे गांधी तीर्थ २०१२ साली सुरू झाले. कानाला यंत्र लावून दालनामागून दालन चालत जायचे, अशी तेथली मांडणी आहे. ती देखणी आहे आणि आमच्या एका खोलीच्या आवाक्याबाहेरची आहे, म्हणून तिच्याविषयी फार लिहीत नाही. दप्तर जपताना हवा, दमटपणा आणि उजेड यांचा किती विचार करावा लागतो, तेवढे मात्र टिपून घेतले.

गावात बहिणाबाई चौधरींचा वाडा आहे. त्यांच्या वापरातल्या वस्तू तेथे ठेवल्या आहेत. ज्या बाईने लिहिता न येता ओव्या रचल्या तिच्या घरात उभे राहिले की ‘सापडल्याचे ठिकाण’ हा रकाना भरायची गरजच उरत नाही. आम्ही दोघे तेथे फारसे बोललो नाही. बाहेर पडून वरणबट्टी खाल्ली आणि संध्याकाळच्या गाडीने अमळनेर, तेथून गावी.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात बसून समितीला द्यायचे टिपण तयार केले. संचालनालयाच्या नाशिक कार्यालयाला पत्र लिहावे. दगड न्या असे म्हणू नये, त्यांची पाहणी करून नोंदणी आणि जतन यांविषयी मार्गदर्शन करा अशी विनंती करावी. तेरला जे गावात राहू शकले ते आमच्याकडे राहण्यास हरकत काय, हे नम्रपणे विचारावे. वीरगळांची अवस्था पाहून ते नेणेच योग्य असे त्यांचे मत पडले तर मात्र हट्ट धरू नये, फक्त पाटीवर गावाचे नाव पूर्ण असावे आणि एक छायाचित्र आमच्या भिंतीसाठी मिळावे. गणपतीवर आपणच दिलेला ऑइलपेंट आपण खरवडू नये. आणि या सगळ्याच्या आधी, उद्याच, दोनशे पानी वही आणावी.

वही त्याच दिवशी आली. चिटणीसाने रेघा आखल्या आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून नऊ दगडांच्या नोंदी पुऱ्या व्हायला चार दिवस लागले. सतीशिळा जुन्या वेशीपाशी होती, हे तिघांनी वेगवेगळे सांगितले; मस्तकाबद्दल कोणालाच काही आठवेना. दहावी नोंद डब्याची. त्याने वर्णन, संख्या आणि साल लिहिले, सापडल्याचे ठिकाण या रकान्यात ‘बोरी नदीचा काठ, नेमकी जागा व थर नोंदवलेले नाहीत’ असे लिहिले, आणि ‘गोळा करणारा’ या रकान्यावर पेन थांबवून माझ्याकडे पाहिले.

‘‘सर, नाव लिहू?’’

‘‘लिही,’’ मी म्हणालो. ‘‘आणि खाली तुझेही.’’